ऑर्कनी आणि शेटलंड: क्रूझच्या एका दिवसात किनारा आणि वारसा कसा पाहावा

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी आणि शेटलंड हे दोन द्वीपसमूह आहेत. ऑर्कनी ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर शेटलंड ६० अंशांवर आहे; दोन्हीकडची लोकवस्ती मिळूनही पन्नास हजारांच्या आतच भरते. नॉर्वे, फेरो बेटे आणि आइसलंड यांच्याकडे जाणाऱ्या, तसेच ब्रिटनला वळसा घालणाऱ्या उन्हाळी क्रूझ ऑर्कनीतील कर्कवॉल आणि शेटलंडमधील लरविक या बंदरांत सहसा एकेक दिवस थांबतात. त्या एका दिवसाचे नियोजन कसे करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढचा सगळा सल्ला तिच्यावर उभा आहे. या बेटांवर किनारा पाहणे आणि वारसा पाहणे ही दोन वेगळी कामे नाहीत. ऑर्कनीतील स्कारा ब्रे हे अश्मयुगीन गाव १८५० सालच्या हिवाळी वादळाने वाळू उडवून उघडे पाडले. शेटलंडच्या दक्षिण टोकावरील यार्ल्सहॉफची वसाहतही १८९० च्या दशकातील वादळांनीच उजेडात आणली. ज्या समुद्राने ही ठिकाणे दाखवली, तोच आज त्यांचा किनारा कापत चालला आहे. म्हणून एका स्थळी निवांत थांबून त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावर तासभर चालणाऱ्या प्रवाशाच्या पदरात दोन्ही गोष्टी पडतात. उलट बसमधून पाच ठिकाणी वीस-वीस मिनिटे उतरणाऱ्याचे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे होते. प्रत्येक बंदरात एकच दिशा, एकच मुख्य स्थळ आणि एक पायी फेरी, असा बेत सर्वांत फायद्याचा ठरतो.

पहिली पायरी: व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो आणि ऑर्कनी-शेटलंड ब्रिटनमध्येच असल्यामुळे शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक, व्हिसा तिथे चालत नाही. क्रूझ जर्मनी, नेदरलँड्स किंवा नॉर्वेतून सुटत असेल, तर शेंगेन व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणाराच असावा. मधे ब्रिटनच्या बंदरात उतरून पुन्हा शेंगेन प्रदेशात येणे म्हणजे दुसरा प्रवेश होतो. याच मार्गावर फेरो बेटे असतील तर आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. ही बेटे डेन्मार्कच्या राज्याचा भाग असली तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाहीत, त्यामुळे तिथे उतरण्यासाठी व्हिसावर फेरो बेटांचा स्वतंत्र उल्लेख असावा लागतो. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना ब्रिटनचा व्हिसा लागत नाही, मात्र २०२५ पासून ईटीए ही ऑनलाइन पूर्वपरवानगी काढावी लागते. कोणत्या बंदरासाठी कोणता कागद हवा, याचे उत्तर एजंटकडून तोंडी न घेता क्रूझ कंपनीकडून लेखी घ्यावे. कागद अपुरे असतील तर बंदरात उतरण्याचा प्रश्न पुढचा, आधी जहाजावरच चढू देत नाहीत.

दुसरी पायरी: बंदराची माहिती नीट वाचणे

कार्यक्रमपत्रिकेत ‘कर्कवॉल, सकाळी ८ ते सायंकाळी ६’ एवढेच छापलेले असते, पण त्यापलीकडच्या तीन गोष्टी शोधाव्या लागतात.

जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकणार, ही पहिली गोष्ट. कर्कवॉलला मोठी जहाजे शहरापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या हॅट्सटन धक्क्याला लागतात आणि तिथून शहरात नेणारी शटल बस असते. धक्का मालवाहतुकीचाही असल्याने त्यावरून पायी बाहेर पडू देत नाहीत. लरविकला काही जहाजे धक्क्याला लागतात, तर काही ब्रेसे बेट आणि शहर यांच्यामधल्या सामुद्रधुनीत नांगर टाकून प्रवाशांना टेंडर बोटीने किनाऱ्यावर सोडतात. टेंडरचे बंदर असेल तर सकाळच्या रांगेसाठी पाऊण-एक तास धरूनच चालावे. जहाजाच्या स्वतःच्या सहलींना पहिल्या बोटी मिळतात, हेही विसरू नये. मात्र टेंडरची बोट लरविकमध्ये थेट शहराच्या मध्यभागी सोडते, ही त्यातली जमेची बाजू.

दुसरी गोष्ट जहाजाच्या वेळेची. नॉर्वेहून येणाऱ्या काही जहाजांवर नॉर्वेचीच वेळ ठेवली जाते आणि ती उन्हाळ्यात ब्रिटनपेक्षा एक तास पुढे असते. आइसलंडची वेळ उन्हाळ्यात ब्रिटनपेक्षा एक तास मागे असते. मोबाइल मात्र किनाऱ्यावरचे नेटवर्क पकडताच आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. नॉर्वेची वेळ पाळणाऱ्या जहाजावर परतायचे असेल आणि भरवसा मोबाइलवर असेल, तर प्रवासी तासभर उशिरा पोहोचतो. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे वार. रविवारी बस कमी धावतात, बरीच दुकाने बंद असतात आणि काही संग्रहालयेही उघडत नाहीत. जहाज रविवारी लागणार असेल तर गाडी किंवा मार्गदर्शक यांची सोय आधीच करावी.

तिसरी पायरी: उलटा हिशेब

जहाज सुटण्याची वेळ आणि सर्वांनी जहाजावर परतण्याची वेळ यांत अर्धा ते एक तासाचे अंतर असते. आपला हिशेब दुसऱ्या वेळेपासून मागे करायचा. समजा जहाज सकाळी ८ ला लागते आणि परतण्याची शेवटची वेळ सायंकाळी ५:३० आहे. स्वतः फिरणाऱ्याने शेवटच्या वेळेआधी एक तास, म्हणजे ४:३० ला, बंदराच्या गावात असावे. सकाळी न्याहारी, रांग आणि शटल धरून प्रत्यक्ष भटकंती ९:१५ च्या आधी क्वचितच सुरू होते. म्हणजे कागदावर साडेनऊ तास असले तरी हातात सव्वासात तास उरतात. त्यातून जेवण आणि प्रसाधनगृहाचे थांबे वजा केले की सहा तास राहतात. सहा तासांत एक मुख्य स्थळ, एक छोटे स्थळ आणि एक किनाऱ्यावरची फेरी एवढेच बसते. आकडे कागदावर मांडले की यादीतली निम्मी नावे आपोआप गळतात आणि ती गळालेलीच बरी.

चौथी पायरी: कर्कवॉलहून कोणत्या दिशेने जावे

कर्कवॉलहून पश्चिमेची, दक्षिणेची आणि खुद्द शहराची अशा तीन वाटा आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याने पश्चिमेला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पश्चिमेच्या वाटेवर पंधरा किलोमीटरच्या आसपास मेशाव ही समाधी, तिच्याजवळच स्टेनेस आणि ब्रॉडगरची दगडी वर्तुळे आणि आणखी दहा-अकरा किलोमीटरवर स्कारा ब्रे आहे. ही सारी स्थळे मिळून १९९९ साली जागतिक वारसा यादीत आली. अंतरे किरकोळ आहेत, खरा वेळ जातो तो स्थळांवर.

स्कारा ब्रेसाठी किमान दीड तास ठेवावा. इ.स.पू. ३१८० ते २५०० च्या सुमारास इथे वस्ती होती, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहण्याच्या आधीच हे गाव नांदत होते. आज आठ घरे दिसतात, ती झाकलेल्या बोळांनी एकमेकांना जोडलेली आहेत. आपण भिंतींच्या वरच्या वाटेने चालतो आणि घरात वरून डोकावतो. झाडे नसलेल्या या बेटावर घरातले सामानही दगडाचे करावे लागले. मध्यभागी चौकोनी चूल, दोन्ही बाजूंना उभ्या फरश्यांचे पलंग आणि दारातून आत येणाऱ्याच्या नजरेसमोर येईल अशी, फरशीवर फरशी रचलेली दगडी मांडणी. आपल्याकडे पितळेची भांडी बाहेरून येणाऱ्याला दिसतील अशी फडताळात लावतात, त्याच हौसेची ही पाच हजार वर्षांपूर्वीची जागा असावी, असे ती पाहताना वाटते. जमिनीत सांधे लिंपलेल्या छोट्या दगडी टाक्याही आहेत. मासेमारीच्या आमिषासाठी शिंपले त्यांत ठेवत असावेत, असे मानले जाते. गावाकडे जाण्यापूर्वी स्वागत केंद्राशेजारी एका घराची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. तिच्यात आधी वाकून शिरून यावे, म्हणजे पुढे छप्पर नसलेली खरी घरे समजून घेणे सोपे जाते. गावाशेजारची स्केलच्या उपसागराची पुळण विस्तृत आहे. तिच्यावर गावापासून दूर जाऊन मागे वळून पाहिले की संरक्षक भिंत आणि घरे यांच्यात किती थोडी जमीन उरली आहे, ते दिसते.

तिकिटे वेळ ठरवून मिळतात आणि ती आधीच ऑनलाइन घ्यावीत. दोन जहाजे एकाच दिवशी लागली असतील तर सकाळी दहा ते बारा या वेळेत बहुतेक बस स्कारा ब्रेलाच उभ्या असतात. स्वतः फिरणाऱ्याने अशा दिवशी क्रम उलटा करावा, म्हणजे आधी दगडी वर्तुळे पाहावीत आणि दुपारी गाव.

ब्रॉडगरचे वर्तुळ १०४ मीटर व्यासाचे आहे. मुळात साठेक असलेल्या दगडांपैकी २७ उभे आहेत. त्यातल्या एकावर १९८० साली वीज पडून त्याचे तुकडे झाले, ते अजून तिथेच पडलेले दिसतात. प्रवेश विनामूल्य आहे. गर्दीने जमीन झिजल्यामुळे आतली पायवाट काही वेळा बंद ठेवतात, तेव्हा बाहेरच्या वाटेनेच फिरावे. जवळच नेस ऑफ ब्रॉडगर हे मोठे उत्खनन वीस वर्षे चालले होते. २०२४ च्या हंगामानंतर ते पुन्हा मातीखाली झाकले गेले आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत वाचून ते शोधत बसू नये.

मेशावसाठी मात्र बेत आधीपासूनच आखावा लागतो. इथे मार्गदर्शकासोबत छोट्या गटानेच जाता येते, जागा मोजक्या असतात आणि स्टेनेस गावातल्या केंद्रावरून बसने नेले जाते. आत जाण्याचा बोगदा दहाएक मीटर लांब आणि इतका बुटका आहे की बराच वेळ कंबरेतून वाकून चालावे लागते. गुडघे किंवा पाठ दुखत असेल त्यांनी हा मोह टाळावा. २१ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, मावळत्या सूर्याचे किरण या बोगद्यातून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. आत पोहोचल्यावर लक्ष भिंतींकडे ठेवावे. बाराव्या शतकात नॉर्स, म्हणजे मूळच्या स्कँडिनेव्हियातल्या, लोकांनी ही समाधी फोडून आत रून या त्यांच्या जुन्या लिपीत तीसेक लेख कोरले. त्यांतला एक जण आपण पश्चिम समुद्रातला सर्वांत निष्णात रून-लेखक असल्याची बढाई मारतो, तर दुसरा एका बाईला सर्वांत सुंदर ठरवतो. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांवर आपण चिडतो ते योग्यच आहे, पण आठशे-नऊशे वर्षे उलटली की त्याच खोडीला वारसा म्हणतात, हे इथे मुकाट्याने मान्य करावे लागते.

याच वाटेवर किनाऱ्याची फेरी हवी असेल तर दोन पर्याय आहेत. येसनाबीचे कडे स्कारा ब्रेच्या दक्षिणेला आहेत आणि तिथे तासाभराची फेरी पुरते. उत्तरेकडच्या मार्विक हेडवर जूनमध्ये कड्यांवर समुद्रपक्ष्यांची प्रचंड वस्ती असते आणि माथ्यावर लॉर्ड किचनरचा स्मारक-मनोरा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा युद्धमंत्री असलेला किचनर रशियाकडे निघाला असताना ५ जून १९१६ रोजी ‘हॅम्पशायर’ ही युद्धनौका याच किनाऱ्यासमोर सुरुंगावर आदळून बुडाली. केवळ १२ जण वाचले. हाच किचनर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि त्याच्या कारकिर्दीत, १९०५ साली, नाशिकजवळच्या देवळालीला लष्कराचे स्टाफ कॉलेज सुरू झाले होते. ते पुढे क्वेट्याला हलले. त्यापलीकडचे ब्रॉ ऑफ बर्सी हे पिक्ट (नॉर्स लोकांच्या आधीचे इथले रहिवासी) आणि नॉर्स अवशेषांचे बेट ओहोटीच्या आधी-नंतर साधारण दोन-दोन तासच पायी गाठता येते. त्या दिवशीची सुकतीची वेळ जहाजाच्या वेळेशी जुळत असेल तरच त्याचा विचार करावा. कोकणात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. इतरांनी मात्र भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय पाण्यातल्या वाटेवर पाऊल ठेवू नये.

दुसरी, म्हणजे दक्षिणेची वाट अर्ध्या दिवसाची आहे आणि ज्यांना जगाच्या अलीकडच्या इतिहासात रस आहे त्यांच्यासाठी ती उत्तम. स्कापा फ्लो हे विस्तीर्ण नैसर्गिक बंदर ब्रिटिश नौदलाचा तळ होते. २१ जून १९१९ रोजी इथे नजरकैदेत ठेवलेला जर्मन नौदलाचा ताफा त्याच्याच अधिकाऱ्यांनी बुडवला. ७४ पैकी ५२ जहाजे तळाला गेली. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने आत शिरून ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली आणि आठशेहून अधिक नौसैनिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर पूर्वेकडच्या वाटा बुजवण्यासाठी चर्चिलने बांध घालायला लावले. आजचा रस्ता त्या बांधांवरूनच जातो आणि त्यांच्या कडेला आधीच्या काळात वाट अडवण्यासाठी मुद्दाम बुडवलेल्या जहाजांचे गंजलेले सांगाडे पाण्याबाहेर डोकावतात.

बांधांच्या कामावर आणलेल्या इटालियन युद्धकैद्यांनी लॅम होम या निर्जन बेटावर जे चॅपल उभारले, ते कर्कवॉलपासून अकराएक किलोमीटरवर आहे. लोखंडी पत्र्याच्या अर्धगोल छावणीच्या दोन झोपड्या एकमेकींना जोडल्या, समोर काँक्रीटचा दर्शनी भाग चढवला आणि आतून बसवलेल्या प्लास्टरबोर्डच्या सपाट फळ्यांवर डोमेनिको कियोकेत्ती या कैद्याने विटा आणि कोरीव दगड यांचा भास होईल अशी रंगकामे केली. भिंतीजवळ जाऊन बोट लावावेसे वाटते इतका तो आभास खरा आहे, पण बोट लावू नये. दिवे टांगलेल्या कंदिलांकडे निरखून पाहावे. ते खाऊन झालेल्या मांसाच्या डब्यांच्या पत्र्यातून कापलेले आहेत. इथे अर्धा तास पुरतो.

तिसरी वाट म्हणजे कर्कवॉल शहर. ११३७ साली बांधायला घेतलेले सेंट मॅग्नस कॅथेड्रल लाल आणि पिवळ्या वालुकाश्माचे आहे. दरवाज्याच्या कमानींत दोन्ही रंगांचे दगड आलटून पालटून बसवले आहेत आणि समुद्री वाऱ्याने ते साखरेसारखे विरघळत चालले आहेत. ज्या मॅग्नसच्या नावाने ते उभे आहे, त्याची हाडे १९१९ साली आतल्या एका खांबात सापडली. समोर बिशपच्या आणि अर्लच्या वाड्यांचे अवशेष, रस्त्यापलीकडे ऑर्कनी संग्रहालय. पाऊस थांबण्याचे नाव घेत नसेल, सोबत लहान मूल असेल किंवा लांब बसप्रवास झेपत नसेल, तर ही वाट कमीपणाची मानू नये.

पाचवी पायरी: लरविकहून कोणत्या दिशेने जावे

लरविकची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे बोटीतून उतरताच गाव सुरू होते. कमर्शियल स्ट्रीटची दगडी फरसबंदी, पाण्यातच पाया घातलेली ‘लॉडबेरी’ नावाची जुनी व्यापारी घरे आणि हेज डॉकचे संग्रहालय पायी होते. गावाच्या कडेला, तळ्यात शिरलेल्या जमिनीवर क्लिकिमिनचा ब्रॉख आहे. ब्रॉख म्हणजे लोहयुगातला, चुन्याविना रचलेला दुहेरी भिंतीचा गोल बुरूज. मध्यभागापासून वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे आणि तिकीट नाही. फक्त अर्धा दिवस मिळणार असेल तर एवढेच करावे.

पूर्ण दिवस असेल तर दक्षिण टोक गाठावे. यार्ल्सहॉफ लरविकपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि ६ क्रमांकाची सार्वजनिक बस त्या बाजूला जाते. बस मोजक्याच असल्यामुळे परतीची बस आधी ठरवावी आणि मगच जाण्याची. सम्बरा विमानतळाजवळ रस्ता थेट धावपट्टी ओलांडतो. विमान येत असेल तेव्हा फाटक पडते आणि बस रेल्वे फाटकावर थांबावी तशी थांबते.

यार्ल्सहॉफला चार हजारांहून अधिक वर्षांची वस्ती एकाच टेकाडात थरावर थर अशी सापडली. कांस्ययुगीन घरे, त्यांच्याजवळ ब्रॉख, मग चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंतींनी विभागलेली गोल ‘व्हीलहाउस’ घरे, नॉर्स लोकांची लांबट घरे आणि सर्वांवर उभा सोळाव्या शतकातील जमीनदाराचा पडका वाडा. ब्रॉखचा जवळजवळ अर्धा भाग समुद्राने गिळला आहे, त्यामुळे बुरुजाचा छेद घेऊन ठेवल्यासारखी भिंत आतून दिसते. व्हीलहाउसमध्ये वाकून आत जाता येते. दगड कसे एकेक बोट पुढे सरकवत छताकडे नेले आहेत, हे तिथे उभे राहूनच कळते. माझ्या मते एकट्या या जागेसाठी लरविकचा दिवस खर्ची घालावा. स्कारा ब्रेला काळाचा एकच तुकडा दिसतो, इथे मात्र काळाचा सगळा जिनाच दिसतो.

यार्ल्सहॉफहून पाऊण तासाच्या चढाच्या चालीवर सम्बरा हेडचे दीपगृह आहे. रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेले हे दीपगृह १८२१ पासून उभे आहे. मे ते जुलैअखेर दगडी कठड्यापलीकडच्या गवतात पफिन हे रंगीत चोचीचे पक्षी हाताच्या अंतरावर दिसतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते समुद्राकडे निघून जातात, त्यामुळे पफिनसाठीच येणाऱ्याने क्रूझची तारीख निवडतानाच हा विचार करावा.

मूसा बेटावरचा ब्रॉख जगात सर्वांत शाबूत राहिलेला मानला जातो. उंची १३ मीटर असून भिंतींच्या पोकळीतल्या जिन्याने माथ्यावर जाता येते. लरविकच्या दक्षिणेकडील सँडविकहून हंगामात बोट सुटते. जाऊन-येऊन पाच तास मोडतात आणि वारा सुटला की बोट रद्द होते, म्हणून दिवस लांबलचक असेल तरच हा बेत करावा. पक्षी हवे असतील आणि चालणे नको असेल तर लरविकच्या बंदरातूनच नॉसच्या कड्यांकडे जाणाऱ्या छोट्या बोटी सोयीच्या आहेत. १८१ मीटर उंचीच्या त्या कड्यावर गॅनेट पक्ष्यांच्या रांगाच रांगा बसलेल्या असतात.

गावाच्या उत्तरेला ग्रेमिस्टा इथे एक साधे दगडी घर आहे, तिथे सध्या शेटलंडच्या विणकामाचे संग्रहालय आहे. याच घरात १७९२ साली आर्थर अँडरसनचा जन्म झाला. पुढे मुंबईची टपालवाहतूक करणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीचा तो एक संस्थापक. १८३५ च्या सुमारास त्याने स्वतःच्या वृत्तपत्रात ऑर्कनीतील स्ट्रॉमनेसहून निघून आइसलंड आणि फेरो बेटांना जाणाऱ्या एका सहलीची काल्पनिक जाहिरात छापली होती. तशी बोट तेव्हा अस्तित्वात नव्हती. आज आपण ज्या मार्गाचे तिकीट काढतो तो जवळपास तोच आहे.

सहावी पायरी: जहाजाची सहल, स्थानिक मार्गदर्शक की स्वतः

जहाजाच्या सहलीचा खरा फायदा एकच, पण तो मोठा आहे. बस उशिरा आली तरी जहाज थांबते. तोटा म्हणजे चाळीस-पन्नास माणसांचा गट, प्रत्येक ठिकाणी मोजकी मिनिटे आणि चढी किंमत. स्थानिक मार्गदर्शकाची छोटी गाडी चार-सहा जणांत वाटून घेतली तर खर्च तेवढाच किंवा कमीही येतो आणि गर्दी टाळून क्रम बदलता येतो. मात्र मोठ्या जहाजांच्या दिवसांसाठी ते अनेक महिने आधी आरक्षित होतात. ऑर्कनीच्या पश्चिमेसाठी स्थानिक मार्गदर्शक, शेटलंडच्या दक्षिणेसाठी सार्वजनिक बस आणि टेंडरच्या दिवशी हवामान बिघडलेले असेल तर जहाजाची सहल, अशी निवड मी सुचवेन.

भाड्याची गाडी घेता येते. रहदारी आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना चालतो. ऑटोमॅटिक गाड्या थोड्या असतात, त्या आधीच सांगून ठेवाव्यात. आतले रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे असतात आणि ठरावीक अंतरावर बाजूला घेण्याच्या जागा असतात. अशी जागा आपल्या डावीकडे असेल तर तिच्यात शिरावे, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला तिच्यात येऊ द्यावे. फोटोसाठी तिथे गाडी उभी करणे हा तिथल्या लोकांच्या दृष्टीने मोठाच उर्मटपणा आहे.

सातवी पायरी: कपडे, खाणे, पैसे, फोन

जुलैमध्येही तापमान बारा ते सोळा अंशांच्या दरम्यान असते, पण खरा शत्रू वारा. छत्री पहिल्याच झोतात उलटते, म्हणून ती जहाजावरच ठेवावी. आत पातळ लोकर, वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारे टोपीचे जाकीट आणि ओल्या गवतावर न घसरणारे बूट घालावेत. साडी किंवा पंजाबी ड्रेस नेसूनही फिरता येते, फक्त कड्यांवर ओढणी किंवा पदर घट्ट खोचलेला असावा.

शाकाहारी माणसाला कॅफेमध्ये मसुरीचे सूप, चीजचे स्कोन आणि भाजलेले बटाटे सहज मिळतात. सूप भाजीच्या अर्काचे आहे का, एवढे विचारून घ्यावे. ऑर्कनीत ‘बेअर’ या जुन्या जातीच्या सातूच्या पिठाचे ‘बॅनक’ चाखून पाहावेत, ते भाकरीची आठवण काढणाऱ्याला आवडतात. जहाजावरचे मांस आणि दुधाचे पदार्थ किनाऱ्यावर नेऊ नयेत, त्यावर निर्बंध असतात. कोरडा चिवडा किंवा बिस्किटे जवळ असलेली बरी, कारण स्थळांच्या मधल्या पट्ट्यात दुकान नसते.

पैसे पौंडांत, पण कार्ड जवळपास सर्वत्र चालते. जहाज सुटले की फोन विमान मोडवर टाकावा. समुद्रात जहाजाचे स्वतःचे मोबाइल नेटवर्क फोन पकडतो आणि काही मिनिटांच्या डेटाचे बिल डोळे पांढरे करते.

आठवी पायरी: किनाऱ्यावर आणि अवशेषांत वागणूक

भिंतींवर चढू नये, किनाऱ्यावरच्या ढिगाऱ्यातून शिंपला किंवा हाड उचलू नये. जे कचऱ्यासारखे दिसते तेच इथले उत्खनन असू शकते. कड्याच्या कडेला गवताखाली माती पोखरलेली असते, म्हणून दोन मीटर मागेच राहावे. पफिन बिळांत घरटी करतात, त्यामुळे पायवाट सोडू नये. जून-जुलैत बोंक्सी आणि आर्क्टिक टर्न हे पक्षी घरट्याजवळ येणाऱ्याच्या डोक्यावर झेपावतात. हात किंवा काठी डोक्याच्या वर उभी धरून शांतपणे मागे फिरावे, ते सर्वांत उंच टोकावरच धडक मारतात. मेंढ्यांच्या कुंपणाचे दार जसे सापडले तसेच, उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद, ठेवावे.

नववी पायरी: बेत फसला तर

वाऱ्यामुळे टेंडर रद्द होणे किंवा संपूर्ण बंदरच वगळले जाणे ही इथे नित्याची बाब आहे. तसे झाल्यास जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. स्वतः केलेल्या आरक्षणाचे मिळतीलच असे नाही, म्हणून स्थानिक मार्गदर्शकाला पैसे देण्यापूर्वी ‘जहाज बंदरात आलेच नाही तर काय’ हा प्रश्न लेखी विचारून ठेवावा. बहुतेक जण अशा वेळी पैसे घेत नाहीत.

आणि जहाज आपल्याला सोडून सुटलेच, तर? पासपोर्ट जहाजावरच असेल तर त्याची आणि व्हिसाची छायाप्रत खिशात असावी, बंदरातल्या जहाज-एजंटचा फोन नंबर रोजच्या पत्रकातून लिहून घेतलेला असावा आणि औषधांचा दोन दिवसांचा साठा अंगावरच्या पिशवीत असावा. लरविकहून ॲबर्डीनला रात्रीची फेरीबोट असते, ती काही दिवशी कर्कवॉललाही थांबते. स्ट्रॉमनेसहून मुख्य भूमीवरच्या स्क्रॅबस्टरला बोट जाते आणि दोन्ही बेटांवरून विमानेही आहेत. पुढच्या बंदरापर्यंतचा हा खर्च स्वतःच करावा लागतो. प्रवास विम्यात जहाज चुकण्याचे कलम आहे की नाही, हे घरून निघण्यापूर्वीच वाचून घ्यावे.